मंजर कुणाच्या मालकीचा?

गेल्या महिन्यात मगरीबच्या नमाजनंतर मोहल्ल्यातले चार बुजुर्ग घरी आले. "मास्टरसाब, एक दरखास्त लिख दो, मराठी में." मशिदीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर येणार, अशी बातमी होती. अर्जात तक्रार एकच लिहायची होती. मिनार झाकला जाईल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘नजर’ आणि ‘मंजर’ एकाच धातूतून आले, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण मंजर कुणाच्या मालकीचा असतो का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. म्हणून अर्ज लिहिण्याआधी थोडं वाचलं.

1610 साली इंग्लंडात विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या माणसाचा खटला चालला. शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचा गोठा बांधला होता. दुर्गंधीची तक्रार कोर्टाने मान्य केली. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं गेलं की हवा आणि उजेड ही गरज आहे, समोरचं दृश्य ही केवळ मौज. त्यासाठी दावा चालणार नाही. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 दरम्यान हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ हा कलमवार कायदा तयार झाला. त्याचंही मत हेच. घरातून दिसणारा नजारा अडला तर ते फार मोठं नुकसान नव्हे. उजेडच पूर्ण बंद झाला तर आहे. शेजाऱ्याच्या खिडकीतून घरातल्या बायकांची जागा दिसत असेल, तर मात्र त्याला आडोसा करावा लागतो. म्हणजे आपल्याला काय दिसतं याला संरक्षण नाही, आपल्याला कोण पाहतं याला आहे. आपल्याकडच्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही 20 वर्षांच्या वापराने इमारतीला उजेड आणि हवेचा हक्क मिळतो. नजाऱ्याचा नाही.

पुढे काळ थोडा बदलला. लंडनने सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दूरवरून दिसत राहावा म्हणून 1930 च्या दशकापासून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घातलं. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांसाठी एक फॉर्म आला. या बांधकामामुळे एखादं दृश्य किंवा निसर्गशोभा अडेल का, असं त्यात सरळ विचारलं आहे. वाचून मला आनंद झाला. पण उत्तर लिहिणार खुद्द बांधणारा, आणि अशा इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून त्याच अधिसूचनेने सूट दिलेली. आमच्या शेजारचा प्लॉट तर जेमतेम दहा गुंठे, तो या फॉर्मपर्यंत पोहोचतच नाही. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण असतं. तिथेही कायदा टेप लावून अंतर मोजतो. पावसाळा सरल्यावर नाशिक रोडच्या एखाद्या उंच गच्चीवरून दिसणारी त्रिरश्मीची टेकडी त्या मापात येत नाही.

मुंबईचं उदाहरण मला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतं. किल्ल्यासमोरचं मैदान मुळात शोभेसाठी नव्हतंच. तोफांच्या माऱ्याला समोर काही आड येऊ नये म्हणून ती जमीन मोकळी ठेवली होती. 1803 च्या आगीनंतर ती आणखी वाढवली. 1860 च्या दशकात तटबंदी पाडली आणि आजच्या ओव्हल मैदानाच्या काठाने हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी रांग उभी राहिली. या इमारती पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून बांधल्या आहेत. मग बॅकबेमध्ये भर टाकून सरकारने नवी जमीन काढली. खुर्शेद नरिमन त्या योजनेवर तुटून पडले, पण त्यांचा रोख पैशांच्या उधळपट्टीवर आणि गैरव्यवहारावर होता. 1930 च्या दशकात त्या जमिनीवर आर्ट डेको इमारती आल्या आणि विद्यापीठासमोरचा समुद्र गेला. आणि 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून काय निवडलं? मैदानाच्या दोन्ही बाजू. समुद्र झाकणारी आणि समुद्र गमावणारी, दोन्ही एकाच यादीत.

आमच्या एकलहऱ्याच्या चिमण्यांचंही तसंच. वीजकेंद्राची ती धुरांडी ज्यांनी उभी राहताना पाहिली, त्यांचं क्षितिज बिघडलंच असणार. मी मात्र गाडीतून ती दिसली की बॅग खाली काढतो.

तरी अर्ज लिहायचाच होता. दृश्य-परिणाम मोजणारे तज्ज्ञ आधी माणसं खरोखर जिथे उभी राहतात त्या जागा ठरवतात, तिथून फोटो काढतात आणि त्यावर नव्या इमारतीचा आकार चढवतात. रविवारी मी दहावीची तीन पोरं घेऊन निघालो. स्टेशनचा पूल, भाजीबाजार, शाळेचं फाटक, रिक्षा स्टँड. मोबाइलवर चार ठिकाणचे फोटो काढले. मिनार दिसला फक्त रिक्षा स्टँडवरून. पुलावरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचं होर्डिंग आडवं येत होतं, बाजारातून आपल्याच एका हाजीसाहेबांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, आणि फाटकावरून मशिदीने स्वतः बांधलेल्या दुकानांचा वरचा मजला. त्या मजल्याच्या वेळी मोहल्ल्यातून एकही दरखास्त आली नव्हती. भाडं येणार होतं.

दुसरं काही मात्र फोटोत सापडलं. टॉवर उभा राहिला तर मदरशाच्या पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या भिंतीला भिडतील. 30 वर्षांपासून मुलं तिथे दुपारच्या उजेडात बसतात. शिवाय गल्ली इतकी अरुंद की अग्निशमन दलाचा बंब वळणार नाही.

मी दोन पानं लिहिली. उजेड, हवा, बंब, पार्किंग. जोडीला फोटो. बुजुर्गांनी वाचून घेतलं, माना हलवल्या. सगळ्यात वयस्कर चाचा गप्प होते. मग म्हणाले, "और मिनार?"

मी त्यांना चारही फोटो दाखवले. टाकीच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले, ओळखीची निघाली. "हाजी से मैं बात करता हूँ," म्हणाले, "पर तुम एक लाइन लिख दो." तक्रार नव्हे, विनंती म्हणून सातव्या मुद्द्यात लिहिलं की रिक्षा स्टँडच्या बाजूने इमारत थोडी मागे घ्यावी. सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली. टाकी अजून तिथेच आहे.