अमेरिकेतील शस्त्रक्रिया-तंत्रज्ञांचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शल्यचिकित्सेचा इतिहास बहुतांशी शल्यचिकित्सकांचाच इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बोस्टन येथील १८४६ चा ईथरचा प्रयोग असो वा लिस्टरने १८६७ मध्ये मांडलेली जंतुनाशक पद्धती असो, नोंद राहिली ती शस्त्र चालविणाऱ्याची. तेच शस्त्र निर्जंतुक करून, मोजून, योग्य क्षणी त्याच्या तळहातावर ठेवणाऱ्या व्यक्तीचे नाव क्वचितच कोठे आढळते. या व्यक्तीस अमेरिकेत आज ‘सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणतात. आपल्याकडील रुग्णालयांत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘ओ.टी. टेक्निशियन’ हा होय. हे काम कोणी, कोणाकडून आणि कोणत्या अधिकाराने शिकावे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत सुमारे शंभर वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिचारिकेकडून तंत्रज्ञाकडे

प्रारंभी हे काम परिचारिकांचे होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटू लागली, तेव्हा १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. ते करविले गेले ते रुग्णाच्या संरक्षणासाठी नव्हे, तर साहाय्यिकेच्या हातांसाठी, ही बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळली जाते. त्या काळी शस्त्रक्रियागृहातील शिक्षण हा परिचारिका-शिक्षणाचाच एक भाग होता.

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी मोडली. आघाडीवर आणि मायदेशी दोन्हीकडे परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या. युद्धनौकांवर स्त्रियांची नेमणूक होत नसे. परिणामी सैन्यदलांनी आपल्या वैद्यकीय शिपायांना थोड्या अवधीत शस्त्रक्रियागृहाचे काम शिकविले. कोरियन युद्धानंतर हीच मंडळी नागरी रुग्णालयांत नोकरीस लागली आणि ‘ऑपरेटिंग रूम टेक्निशियन’ हे पद रूढ झाले. अनेक रुग्णालयांनी स्वतःचे छोटे वर्ग काढले. त्यांचा कालावधी, अभ्यास आणि दर्जा यांत मेळ नव्हता. एका रुग्णालयात शिकलेल्याला दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. व्यवसायाचा अधिकृत इतिहास सामान्यतः येथूनच सुरू होतो. तथापि शस्त्रक्रियेचे तंत्रज्ञान हाताने शिकण्याची आणि शिकविण्याची एक परंपरा प्रयोगशाळेत त्याआधीच चालू होती.

व्हिव्हिअन थॉमस यांचे शिक्षण

व्हिव्हिअन थॉमस (१९१०-१९८५) हे नॅशव्हिल येथील कृष्णवर्णीय सुताराचे पुत्र. वडिलांच्या हाताखाली त्यांनी सुतारकाम शिकले होते आणि वैद्यकीय शिक्षणासाठी पैसा साठविला होता. १९२९ च्या मंदीत काम गेले, पुढे बँक बुडाली आणि शिल्लकही गेली. १९३० च्या फेब्रुवारीत ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात अल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. तेथे त्यांना प्राण्यांवरील शस्त्रक्रिया, भूल, रक्ताचे रासायनिक परीक्षण आणि नोंदी ठेवणे हे सारे करता करता शिकावे लागले. कोणताही अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती. कालांतराने थॉमस यांना कळले की विद्यापीठाच्या दफ्तरी त्यांची वर्गवारी झाडूवाल्यांत केली असून वेतनही त्याच श्रेणीचे आहे.

१९४१ मध्ये ब्लेलॉक हॉपकिन्सला गेले. त्यांच्या आग्रहावरून थॉमसही गेले. जन्मजात हृदयदोषामुळे शरीर निळे पडणाऱ्या बालकांच्या फुफ्फुसांकडे अधिक रक्त वळविता येईल काय, हा प्रश्न हेलन टॉसिग यांनी तेथे ब्लेलॉक यांच्यासमोर मांडला. कुत्र्यांवर असा दोष निर्माण करण्याचे आणि हाताकडे जाणारी रोहिणी फुफ्फुसाच्या रोहिणीस जोडून तो सुधारण्याचे तंत्र मुख्यतः थॉमस यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले. त्यासाठी लागणाऱ्या बारीक सुया बाजारात नव्हत्या. उपलब्ध सुया त्यांनी स्वतः तोडून, घासून आखूड केल्या. सुतारकामातील हात येथे उपयोगी पडला असे मानण्यास जागा आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे एका चौरंगावर उभे राहून टाक्यांविषयी सूचना देत होते. १९४५ मध्ये या शस्त्रक्रियेचा जो वृत्तान्त अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला, त्यावर ब्लेलॉक आणि टॉसिग यांची नावे होती. थॉमस यांचा उल्लेखही नव्हता.

पुढील तीन दशके हॉपकिन्सच्या शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत थॉमस यांनी तरुण शल्यचिकित्सकांना शिकविले. डेन्टन कूली हे त्यांपैकीच एक. ज्याला रुग्णावर चाकू चालविण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या हाताकडे पाहून भावी प्राध्यापक घडत होते. विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तीही वैद्यकशास्त्राची नसून कायद्याची होती.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. थॉमस हे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ होते. आजच्या अर्थाने टेबलाजवळ शस्त्रे देणारे तंत्रज्ञ नव्हते. शिवाय अशा उपेक्षितांच्या कथा अतिरंजित होण्याचा धोकाही असतो. केपटाउनचे हॅमिल्टन नाकी यांनी तेथील प्रयोगशाळेत प्राण्यांवरील प्रत्यारोपणाचे तंत्र आत्मसात करून इतरांना शिकविले, हे खरे. पण १९६७ च्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणात त्यांचा सहभाग होता ही २००५ मध्ये त्यांच्या निधनानंतर जगभर छापली गेलेली गोष्ट नामवंत नियतकालिकांना मागे घ्यावी लागली. थॉमस यांच्या बाबतीत मात्र प्रयोगशाळेतील काम, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि त्यांचे आत्मचरित्र परस्परांस पुष्टी देतात.

अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र

१९६७ मध्ये शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांच्या अमेरिकन संघटनेने तंत्रज्ञांना शिकविण्यासाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये तंत्रज्ञांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्या शिक्षणाचे निकष स्वीकारले. प्रमाणपत्र देणारे मंडळ १९७४ चे. ही घाई समजण्याजोगी आहे. कारण परिचारिकांच्या दृष्टीने तंत्रज्ञ म्हणजे साहाय्यकही होता आणि कमी वेतनात मिळणारा पर्यायही.

आजच्या अभ्यासक्रमात शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि निर्जंतुकीकरण यांच्या जोडीने प्रत्यक्ष शस्त्रक्रियांची संख्या ठरवून दिलेली आहे. विद्यार्थ्याने किमान १२० शस्त्रक्रियांत भाग घ्यावा लागतो. त्यांपैकी निदान ८० मध्ये मुख्य साहाय्यकाची जबाबदारी स्वतः पार पाडावी लागते. पुस्तकातून न येणारी गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. शल्यचिकित्सकाने मागण्यापूर्वीच पुढचे शस्त्र हाती तयार ठेवणे, निर्जंतुक क्षेत्राला कोणाचा स्पर्श झाला तर तो ज्येष्ठाचा असला तरी तत्काळ बोलून दाखविणे, जखम शिवण्यापूर्वी कापसाच्या घड्या, सुया आणि शस्त्रे मोजून हिशेब जुळल्याखेरीज पुढे न जाऊ देणे. यातील दुसरी आणि तिसरी गोष्ट कौशल्याइतकीच धारिष्ट्याची आहे, आणि प्रमाणपत्राने कनिष्ठाला जे खरे बळ दिले ते हेच.

परंतु हेच प्रमाणपत्र दारही बंद करते. मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्यालाच सामान्यतः परीक्षेस बसता येते. थॉमस यांच्याजवळ केवळ शालान्त शिक्षण होते. हाताखाली शिकून पुढे येण्याची जी वाट त्यांना मिळाली, ती या नियमांत उरलेली नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे केले, तर काही ठिकाणी रुग्णालयांवर सोडले.

भारतीय संदर्भ

भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञांचा समावेश झाला. आपल्याकडे टेबलाजवळ शस्त्रे देण्याचे काम बव्हंशी ‘सिस्टर’ करतात. तंत्रज्ञाकडे भुलेच्या यंत्रांची आणि निर्जंतुकीकरणाची व्यवस्था असते, त्यामुळे अमेरिकन नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, छोट्या खासगी रुग्णालयांत वॉर्डबॉय म्हणून लागून वर्षानुवर्षांच्या सरावाने थिएटर सांभाळणारी माणसे आजही आहेत. पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिले काही महिने पुष्कळदा तीच माणसे शिकवितात.