बंदिवान सरखेलाचे कुटुंब : तुळाजी आंग्रे यांच्या शाखेचा मागोवा

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणविले जाऊ लागले. कान्होजींचे १७२९ मध्ये निधन झाल्यावर मुलांत दुफळी माजली. कुलाब्याची गादी १८४० पर्यंत टिकल्यामुळे मानाजींचा वंश सनदांतून व वारसाच्या तंट्यांतून नोंदला गेला. वंशावळी बहुधा वतनाच्या मागून चालतात. विजयदुर्गकर तुळाजींचे वतनच बुडाले, म्हणून त्यांच्या शाखेचा शोध घेण्यासाठी शत्रूची कागदपत्रे पाहावी लागतात.

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांची फौज आणि वॉटसन-क्लाइव्ह यांचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाले, मात्र कुटुंब किल्ल्यातच राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले. सरखेल एकाचा कैदी, कुटुंब दुसऱ्याच्या ताब्यात! त्यामुळे पुराव्याचीही फाटाफूट झाली.

वॉटसनच्या ताफ्यातील शल्यवैद्य एडवर्ड आइव्हज याचा प्रवासवृत्तान्त १७७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुळाजींची आई, दोन स्त्रिया आणि मुले यांची वॉटसनने घेतलेली भेट त्यात वर्णिली आहे. मला पिता समजा, असे वॉटसन म्हणताच सुमारे सहा वर्षांच्या मुलाने रडत त्याचा हात धरला आणि त्याला वडील म्हटले, असे आइव्हज लिहितो. हा प्रसंग आपल्या सेनापतीचे औदार्य दाखविण्यासाठी लिहिला आहे, हे उघड आहे. तरीही मुलाचे वय, घरातील माणसे आणि वृद्ध मातेची उपस्थिती हा तपशील वंशेतिहासाच्या दृष्टीने मोलाचा ठरतो. स्त्रियांची नावे विचारण्याची गरज मात्र आइव्हजला वाटली नाही.

तुळाजी पुन्हा सुटले नाहीत. सोलापूरला कैदेतच त्यांचा अंत झाला. (कर्जतच्या माथ्यावरचा राजमाची १७१३ मध्ये कान्होजींकडे आला, तेव्हा पेशवा बहिरोपंत पिंगळे हेच आंग्र्यांचे कैदी होते!) तुळाजींचे दोन पुत्र बारा-चौदा वर्षांच्या बंदिवासानंतर निसटले आणि गव्हर्नर क्रॉमेलिनच्या कारकिर्दीत मुंबईत त्यांना आश्रय मिळाला, असे ग्रँट डफ सांगतो. परंतु क्रॉमेलिनची कारकीर्द १७६० ते १७६७ अशी आहे. १७५६ पासून बारा वर्षे मोजल्यास १७६८ साल येते. तेव्हा एकतर बंदिवासाचा काळ कमी असावा किंवा गव्हर्नर दुसरा असावा. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिली शक्यता अधिक ग्राह्य आहे. आश्रय कोणी दिला हे मुंबईकरांच्या स्मरणात राहणे स्वाभाविक होते, कैदेची वर्षे मोजणारे तेथे कोणी नव्हते. ज्या मुंबईच्या आरमाराने वडिलांची गलबते जाळली, तीच मुंबई मुलांना पेशव्यांच्या मुलखापेक्षा सुरक्षित वाटली.