‘शनिवारी सुट्टी आहे का रे?’ : मित्रांच्या गप्पा इतिहासाचं साधन म्हणून कशा वाचायच्या

पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘आमच्या गावाला इतिहासच नाही हो. किल्ला नाही, शिलालेख नाही, दफ्तर नाही. लोक नुसते गप्पा मारतात.’ आजचा लेख या शेवटच्या वाक्यावर आहे. लोक गप्पा मारतात हे खरंच आहे, पण त्या ‘नुसत्या’ नसतात. कधी सुट्टी आहे, क्लास कुठे लावलास, कामाला कुठे आहेस, हे प्रश्न आपल्याला इतके सवयीचे झालेत की ते कायमच विचारले जात असावेत असं वाटतं. तसं नाही. यातला प्रत्येक प्रश्न कधीतरी पहिल्यांदा विचारता येऊ लागला. तो कधी आणि कशामुळे, हे शोधणं म्हणजे इतिहास.

उदाहरणासाठी पळस्पे घेऊ. पनवेल सोडलं की लागणारा पळस्पे फाटा तुम्हाला निदान ट्रॅफिकच्या बातम्यांतून तरी माहीत असेल. इथे जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, मुंबई-गोवा महामार्ग इथूनच फुटतो आणि जेएनपीटी बंदराकडून कंटेनर घेऊन येणारा रस्ताही इथेच येऊन मिळतो. समजा, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर तीन मित्र उभे आहेत. हा संवाद मी बनवलेला आहे, पण यातलं एकही वाक्य तुम्हाला परकं वाटणार नाही :

‘शनिवारी सुट्टी आहे का रे?’
‘कसली सुट्टी! ड्यूटी लागलीय, नाईट.’
‘आणि जर्मनचा क्लास?’
‘बुडणार. रजा नाही टाकत आत्ता. गणपतीला चार दिवस पाहिजेत. आत्ता खाडा केला तर तेव्हा साहेब सोडणार नाही.’

पाच ओळी नाहीत, पण आता त्या एकेक करून वाचू.

‘शनिवारी’

रविवारी सुट्टी आहे का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं शनिवारचं. महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे. बँकांना तीच दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून मिळाली. म्हणजे विचारणारा बहुधा अशा नोकरीत आहे जिथे शनिवारची सुट्टी संभवते आणि उत्तर देणारा अशा ठिकाणी, जिथे रात्रपाळी चालते. एका शब्दात दोन प्रकारच्या नोकऱ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. मित्र एकाच गावचे, आठवडे मात्र वेगवेगळे.

रविवारचं काय? रविवारची सुट्टी म्हटलं की नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव येतं आणि ते यायलाच हवं. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या वेळच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या बघा : आठवड्यातून एक दिवस, म्हणजे रविवारी, पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. यातली कोणती गोष्ट मित्रांच्या गप्पांत नसेल? ‘पगार झाला का?’, ‘जेवायला वेळ मिळतो का?’ चाळीत आणि गिरणीच्या दारात रोज बोललं जाणारं गाऱ्हाणं इथे अर्जाच्या भाषेत आलं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

आता संशोधक म्हणून इथे थांबा. दरवर्षी १० जूनला ‘आज भारतात रविवारची सुट्टी सुरू झाली’ असे मेसेज फिरतात. हे वाक्य प्रबंधात असंच्या असं टाकू नका. सरकारी कचेऱ्या त्याच्या कितीतरी आधीपासून रविवारी बंद असत. १८९० चा निर्णय मुंबईच्या कापड गिरण्यांपुरता होता. शेतमजूर, मिठागरातला मजूर, घरगडी यांना तो लागू नव्हता. वाक्य आखूड केल्याने लोखंड्यांचं काम लहान होत नाही, उलट नेमकं होतं : साहेबाला आणि कारकुनाला जे आपोआप मिळत होतं ते कामगाराला लढून घ्यावं लागलं.

‘सुट्टी’, ‘रजा’, ‘खाडा’

तिघांच्या बोलण्यात न केलेल्या कामासाठी तीन शब्द आले. ते समानार्थी नाहीत. ‘सुट्टी’ सुटण्यातून आली, ती सगळ्यांना एकदम मिळते. ‘रजा’ हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ मर्जी, संमती. म्हणजे रजा वरून कोणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय मिळत नाही. आणि ‘खाडा’ म्हणजे चुकलेला दिवस, ज्याची मजुरी कापली जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजेचा हिशोब घालून दिला : वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस. ‘तुझे २४० भरले का?’ हा प्रश्न कंत्राटी कामगारांमध्ये ऐकला असेल, तर तुम्ही कायद्याचं कलमच गप्पांमध्ये ऐकलंय.

मुलाखत लिहून काढताना ‘उत्तरदात्याने सुट्टी घेतली नाही’ असं गुळगुळीत वाक्य लिहिलंत की हा सगळा फरक पुसला जातो. माणूस ‘खाडा’ म्हणाला असेल तर ‘खाडा’च लिहा.

‘गणपतीला चार दिवस’

गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी एक दिवसाची. पण कोकणातल्या घरी गणपती दीड, पाच, सात दिवस असतात आणि जाण्यायेण्याचे दिवस वेगळे. पंचांग आणि हजेरीपट यांच्यातला हा फरक चाकरमान्याला रजेने भरून काढावा लागतो. पळस्प्यात तर हा विषय रस्त्यावरच दिसतो. गणपतीच्या आधी मुंबईकडून येणाऱ्या गाड्या इथून कोकणात वळतात. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्यामुळे ‘गावी कधी निघणार?’ याच्या जोडीला ‘पळस्प्यापासून किती वेळ लागला?’ हा प्रश्नही कोकणी माणसाच्या गप्पांत कायमचा येऊन बसला.

‘कामाला’

गप्पांत न आलेले शब्दही मोजायला शिका. आपल्या तीन मित्रांच्या बोलण्यात लावणी नाही, मिठागर नाही, खाडी नाही. पनवेल-उरण पट्ट्यात एकेकाळी सुट्टीचा आठवडा नव्हता, ऋतू होता. पावसाळ्यात भात, पाऊस सरल्यावर मीठ, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं.

जिथे घरची शेती आहे तिथे ‘कामाला कुठे आहेस?’ असं सहसा कोणी विचारत नाही, काम समोर दिसतं. तो प्रश्न नेहमीचा होतो तेव्हा काम घराबाहेर गेलेलं असतं. जमीन संपादनाचा इतिहास लिहायला सरकारी कागद आहेत आणि कोर्टाचे निकालही आहेत. पण रोजच्या बोलण्यातून एक कामाचं जग कसं निघून गेलं, हे त्या कागदांत मिळणार नाही. ते ज्यांच्या तोंडी होतं ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून हा विषय ‘पुढे कधीतरी’ असा ठेवता येत नाही.

‘जर्मनचा क्लास’

भाषेचा क्लास कोण लावतो हे पाहिलं की गरज कोणाची आहे ते कळतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या टपरीवरच्या मुलाला जर्मन शिकायचं ते नोकरीसाठी.

दोनशे वर्षांपूर्वी दिशा उलटी होती. कंपनीच्या इंग्रज नोकरांना देशी भाषा शिकवण्यासाठी १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या मिशन प्रेसमध्ये मराठीचं व्याकरण छापलं. त्याच्या शीर्षकातच म्हटलंय की सोबत परिचित विषयांवरचे संवाद जोडले आहेत. म्हणजे छापील मराठीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं साधं, रोजचं बोलणं आपल्याला मिळतं ते एका भाषेच्या क्लासच्या पाठ्यपुस्तकात!

पण हुरळून जाऊ नका. हे संवाद बंगालमध्ये बसून, वैजनाथ पंडितांसारख्या जाणकाराच्या मदतीने आणि साहेबाला काय बोलावं लागेल याचा विचार करून तयार झाले. पनवेलच्या बोलीचा पुरावा म्हणून ते चालणार नाहीत. साहेब कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोणाला ‘तुम्ही’ म्हणायला शिकतो, यासाठी मात्र ते जरूर उघडा.

आणखी एक साधन ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचं. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणातल्या आगरी, कोळी अशा बोलींची दखल आहे. नमुन्यासाठी बहुतेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत सांगून घेतली होती. काही ठिकाणी ती पूर्ण आहे, काही ठिकाणी तुकडाच. त्या गोष्टीत थोरला भाऊ बापाकडे तक्रार करतो : इतकी वर्षं तुझी चाकरी केली, पण मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीस. काम, सुट्टी आणि मित्र, आपलाच विषय! सर्वेक्षणवाल्यांना व्याकरण हवं होतं, आपल्याला त्यात चाकरीचे आणि मौजेचे शब्द मिळतात. एका कामासाठी गोळा केलेला पुरावा दुसऱ्या प्रश्नासाठी वाचणं, हे इतिहासकाराचं नेहमीचं काम. फक्त तो भाषांतरित मजकूर आहे, कोणाची उत्स्फूर्त गप्पा नाही, एवढं तळटिपेत सांगा.

यातली एक बाजू बोचणारी आहे. शाळा आणि क्लास नवी भाषा देतात, तशीच घरची बोली लपवायलाही शिकवतात. आजी आगरीत बोलते, नातू तिला ‘शुद्ध’ मराठीत उत्तर देतो. मुलाखतीला तुम्ही पुस्तकी मराठीत प्रश्न विचारलात तर आजीही तुमच्यासाठी पुस्तकी बोलायचा प्रयत्न करेल आणि कामाचे खरे शब्द मागे ठेवेल. तिच्याच घरातल्या कोणाला तरी प्रश्न विचारायला बसवा. फरक लगेच जाणवेल.

मग करायचं काय?

पहिलं, परवानगी. मित्रांच्या गप्पा गुपचूप रेकॉर्ड करणं म्हणजे संशोधन नाही. रजेचा मूळ अर्थ आठवा : आधी संमती, मग रेकॉर्डर. कंत्राटी कामगाराने साहेबाबद्दल काढलेला एक शब्द नावानिशी छापला गेला तर त्याची नोकरी जाऊ शकते. नाव बदलणं पुरेसं नाही. पाळी, कंपनी आणि गाव एकत्र दिलंत तरी माणूस ओळखता येतो.

दुसरं, शब्द जसाच्या तसा उतरवा आणि कोण कोणाला म्हणालं तेही लिहा. तिसरं, प्रत्येक जुन्या साधनाला विचारा : हे बोलणं कोणी लिहून ठेवलं आणि त्याला त्यातून काय हवं होतं? कॅरीला विद्यार्थी तयार करायचे होते, ग्रिअर्सनला बोलींचा नकाशा, लोखंड्यांना सुट्टी. गप्पा आपणहून कागदावर येत नाहीत, कोणाच्या तरी गरजेने येतात. चौथं, बोलण्यातला दावा कायद्याच्या, जमिनीच्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर लगेच माणसाला खोटं ठरवू नका. कायद्यात सुट्टी असणं आणि ती हातात पडणं यात अंतर असतं, आणि तुमच्या प्रबंधाचा प्रश्न बहुतेक वेळा त्या अंतरातच सापडतो.

या आठवड्यासाठी एक छोटं काम. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाला एवढंच विचारा : ‘तुमच्या वेळी सुट्टीला काय म्हणायचे, आणि ती द्यायचं कोण?’ उत्तर मधे न तोडता ऐका आणि त्यांच्याच शब्दांत एक पान लिहून काढा. विषय मिळत नाही म्हणून अडला असाल, तर त्या पानावर एखादा शब्द असा येईल जो शब्दकोशात बघावा लागेल. तिथून सुरुवात करा.