लॅपटॉप चोरीला गेला तर? फोनवरून शोधायचा कसा आणि आधी काय करून ठेवायचं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना नागपूरहून गडचिरोलीला येताना माझी लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. ब्रह्मपुरीच्या आधी डोळा लागला, आरमोरीला जाग आली तर बॅगेची जागा रिकामी. प्रोजेक्टचा सगळा कोड त्यातच होता, दुसरीकडे प्रत नव्हती. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "सिरियल नंबर?" तो मला माहीत नव्हता. लोकेशन तर बॅटरी वाचवायला मीच बंद केलं होतं. लॅपटॉप मिळाला नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

फोन आणि लॅपटॉपमध्ये फरक काय?

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय नंबर असतो. *#06# डायल करा, लगेच दिसेल. फोन चोरीला गेला की एफआयआर करून 'संचार साथी' पोर्टलवर (सुरुवात मे २०२३) हा नंबर देऊन फोन देशभर ब्लॉक करता येतो. म्हणजे सिरोंच्याहून नदी ओलांडून तेलंगणात नेला तरी तिथेही तो ब्लॉकच. त्यात कोणी सिम टाकलं तर माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते.

साध्या लॅपटॉपमध्ये सिमच नसतं, त्यामुळे आयएमईआयही नसतो. त्याची ओळख म्हणजे सिरियल नंबर. तो खालच्या स्टिकरवर किंवा खोक्यावर असतो. आत्ताच फोटो काढा आणि बिलासोबत ईमेलमध्ये ठेवा.

आज पाच मिनिटांत करायच्या सेटिंग्ज

१. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा. सेटिंग्जमध्ये लोकेशन आणि 'फाइंड माय डिव्हाइस' चालू करा.
२. मॅकबुक असेल तर 'फाइंड माय' चालू ठेवा. एम चिपच्या मॅकमध्ये ॲक्टिव्हेशन लॉकही लागतो, त्यामुळे सगळं पुसलं तरी तुमच्या ॲपल पासवर्डशिवाय मॅक वापरता येत नाही.
३. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू करा. चोराने हार्ड डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी फाइल उघडत नाहीत. रिकव्हरी की मात्र जपून ठेवा.
४. कामाच्या फाइलची एक प्रत क्लाउडवर ठेवा.

भामरागडचा लॅपटॉप नागपुरात का दिसतो?

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतं. आजूबाजूचे वायफाय राउटर ओळखून तो जागेचा अंदाज लावतो. चंद्रपूर शहरात घरोघरी राउटर, म्हणून अंदाज बऱ्यापैकी जवळचा येतो. भामरागड, एटापल्लीसारख्या जंगलातल्या भागात राउटर विरळ. मग फक्त इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून जागा ठरते आणि नकाशावर थेट नागपूर किंवा मुंबईही दिसू शकतं. म्हणून नकाशावरचा ठिपका हा धागा समजा, पत्ता नाही. शिवाय लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच विंडोजचं नवं लोकेशन येतं. चोराने विंडोज नव्याने टाकलं की हा मार्गही बंद.

चोरी झाली तर, याच क्रमाने

१. फोनच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, लॅपटॉप निवडा, लोकेशन बघा आणि 'लॉक' करा. स्क्रीनशॉट घ्या.
२. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक आणि सोशल मीडियाचे. सगळीकडून लॉगआउट करा.
३. एफआयआर करा. चोरी नेमकी कुठल्या हद्दीत झाली हे कळत नसेल तरी चालतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' होतो आणि त्याची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. रेल्वेत चोरी झाली तर १३९ वर कळवा.
४. तक्रारीत 'हरवला' नाही, 'चोरीला गेला' असंच लिहा. सिरियल नंबर, बिल आणि स्क्रीनशॉट जोडा.
५. ठिपका दिसला म्हणून मित्रांना घेऊन स्वतः जाऊ नका. लोकेशन चुकीचं असेल तर भलत्याच घरात शिराल, बरोबर असेल तर धोका आणखी मोठा. ते काम पोलिसांचं.

सेकंडहँड घेताय?

बिल मागा, त्यावरचा सिरियल नंबर स्टिकरशी जुळतो का बघा. फोन घेत असाल तर 'केवायएम', एक स्पेस आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथेच कळतं.

माझ्या आजच्या लॅपटॉपचा सिरियल नंबर आईच्या फोनमध्येही आहे. तुमचा कुठे आहे? हे पान बंद करण्याआधी लॅपटॉप उलटा करा आणि फोटो काढा.