यंत्रस्वर आणि राग : एका ध्वनिमुद्रिकेचा विचार

एखादी कृती कालदृष्ट्या आधीची ठरली, म्हणजे ती नंतरच्या कृतीची जननी ठरते काय? मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गिटारवादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ व ज्युपिटर-८ ही यंत्रे योजून भैरव, यमन, मालकंस आदी दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या वादकगटाने टीबी-३०३ याच यंत्रावर ‘ॲसिड हाउस’चा पाया घातला. २०१० मध्ये मुद्रिकेचे पुनःप्रकाशन होताच काही जण सिंग यांस त्या प्रकाराचे जनक म्हणू लागले.

परंतु शिकागोच्या वादकांनी ही मुद्रिका ऐकली होती, असा पुरावा पुढे आलेला नाही. साम्याचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. टीबी-३०३ लहानशा स्वरावलीची अखंड आवर्तने करते. रागही अचल षड्जाच्या आधारे मोजक्याच स्वरांचा विस्तार करतो. माकुणसारच्या पूर्वेकडील वारली पाड्यांवरचा तारपाही श्वास न तोडता अशीच आवर्तने घेतो. म्हणून त्यास कोणी डिस्कोचा पूर्वज म्हणत नाही. साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे.

सिंग २०१५ मध्ये मुंबईत निवर्तले. नव्या यंत्रातील रागानुकूलता त्यांनी ओळखली, हे त्यांचे श्रेय जनकत्वाच्या पदवीवाचूनही अबाधित राहते.