तहान लागल्यावर खणलेली विहीर
पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ आणि जगाची मदत

एप्रिल २०१५मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक हिशेब छापला. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात अमेरिकेने इबोलाच्या रुग्णांसाठी अकरा उपचार केंद्रे उभारली होती. या अकरा केंद्रांत मिळून इबोलाच्या २८ रुग्णांवर उपचार झाले. नऊ केंद्रांत तर इबोलाचा एकही रुग्ण कधी आला नाही. याच देशात त्या साथीने ४ हजार ८००हून अधिक माणसे मेली होती.

हा हिशेब वाचून दोन निष्कर्ष चटकन सुचतात. श्रीमंत देशांची मदत हा निव्वळ देखावा असतो, हा एक. केंद्रे रिकामी राहिली याचा अर्थ साथ आटोक्यात आली आणि हे मदतीचेच यश, हा दुसरा. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण त्यांवर थांबता येत नाही. मदत किती आली याची मोजदाद सगळेच करतात. ती केव्हा आली आणि ओसरल्यावर मागे काय राहिले, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. कोविडच्या महासाथीनंतर गरीब देशांना पुन्हा उभे कसे करायचे याची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. त्या चर्चेतले बहुतेक प्रश्न इबोलाच्या साथीत आधीच येऊन गेले होते, म्हणून तो इतिहास पुन्हा उलगडून पाहायचा.

साथीआधीची घडी

गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया हे एकमेकांना लागून असलेले तीन देश. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. लायबेरियात १९८९पासून २००३पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, तेच. इस्पितळे जळाली, डॉक्टर परदेशी गेले. शांतता आल्यावर दोन्ही देशांत बऱ्यापैकी मदत येऊ लागली. २०१०मध्ये लायबेरियाचे सुमारे ४६० कोटी डॉलरचे विदेशी कर्ज माफ झाले. तरीही २०१४ उजाडले तेव्हा चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या या देशात जेमतेम पन्नास डॉक्टर होते.

मदत येत असताना असे का व्हावे? एक कारण मदतीच्या रचनेत होते. देणाऱ्यांचा पैसा बहुधा एकेका रोगासाठी येई. हिवतापाच्या मच्छरदाण्या, एड्सची औषधे, ठरावीक लसी यांची मोजणी सोपी आणि अहवालात ती दिसतेही. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा दरमहा पगार मात्र अशा अहवालात शोभून दिसत नाही. दुसऱ्या कारणावर वाद आहे. २०१४च्या अखेरीस ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये काही संशोधकांनी असे मांडले की, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जांसोबत येणाऱ्या खर्चाच्या आणि पगारबिलाच्या मर्यादांमुळे या देशांना पुरेसे आरोग्य कर्मचारी नेमता आले नाहीत. नाणेनिधीने हा आरोप फेटाळला आणि या काळात आरोग्यावरचा खर्च वाढल्याचे आकडे पुढे केले. खर्च वाढला हे मान्य केले, तरी डॉक्टरांची संख्या समोर होतीच.

उशिराचे महिने

गिनीच्या जंगलभागात मेलिआंदू नावाचे खेडे आहे. तेथे डिसेंबर २०१३मध्ये एक लहान मूल दगावले आणि साथीची सुरुवात तिथून झाली, असे संशोधक मानतात. हा रोग इबोला आहे हे कळायला मार्च २०१४ उजाडला, कारण त्या भागात तपासणीची सोयच नव्हती. रक्ताचे नमुने फ्रान्समधील लिआँ शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागले. तोवर रोगाने सीमा ओलांडली होती.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने जूनमध्येच साथ हाताबाहेर गेल्याचे जाहीर केले. जुलैच्या अखेरीस सिएरा लिओनमध्ये डॉ. शेख उमर खान इबोलाचे बळी ठरले. असे रक्तस्रावी ताप हाताळणारा देशातला सर्वांत अनुभवी डॉक्टर गेला. त्याच सुमारास मन्रोव्हियात काम करणाऱ्या दोन अमेरिकनांना लागण झाली आणि पाश्चात्त्य वृत्तवाहिन्या जाग्या झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. १६ सप्टेंबरला अध्यक्ष ओबामा यांनी तीन हजार सैनिक आणि उपचार केंद्रे पाठवण्याची घोषणा केली. डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने इबोलासाठी ५४० कोटी डॉलर मंजूर केले.

आता तारखांचा मेळ घालून पाहू. लायबेरियातील नव्या रुग्णांची संख्या सप्टेंबरमध्ये शिगेला पोहोचली आणि नंतर उतरू लागली. अमेरिकी केंद्रे उघडू लागली ती नोव्हेंबरपासून. म्हणजे विहिरीला पाणी लागेपर्यंत तहानलेल्यांपैकी बरेच जण मेले होते आणि उरलेल्यांनी आपली वाट शोधली होती.

राखेचा प्रश्न

ती वाट कशी सापडली, हे पाहण्यासारखे आहे. इबोलाने मेलेल्या माणसाच्या देहातून संसर्ग होण्याचा धोका फार मोठा असतो, आणि मृताला अंघोळ घालून, स्पर्श करून निरोप देण्याची रीत या भागात खोलवर रुजलेली. ऑगस्ट २०१४मध्ये लायबेरियाच्या सरकारने मन्रोव्हिया परिसरातील मृतदेह जाळण्याचा हुकूम काढला. त्यासाठी स्मशान कोणते वापरले? राजधानीबाहेर मार्शल येथे तिथल्या भारतीय समाजाने स्वतःसाठी बांधलेली दहनभूमी होती, ती. काही महिन्यांत तिथे सुमारे दोन हजार देह जाळले गेले.

आपल्याला दहनात वावगे काही वाटणार नाही. लायबेरियन माणसाला मात्र तो घोर अन्याय वाटला. तिथे दरवर्षी मार्चमध्ये ‘डेकोरेशन डे’ असतो. त्या दिवशी घरची मंडळी थडगी साफ करतात, रंगवतात. थडगेच नसेल तर जायचे कुठे? परिणाम उलटा झाला. लोक आजाऱ्यांना घरात लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले. त्याच महिन्यात मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट या दाट झोपडपट्टीला सैनिकांनी वेढा घातला. गोळीबार झाला, एक मुलगा मेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

बळाने साधले नाही ते पुढे समजुतीने साधले. मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या लोकांनी स्वतःची पथके केली, आजाऱ्यांची नोंद ठेवली, नवख्यांवर लक्ष ठेवले. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंत्यविधीचे नियम बदलले. सुरक्षिततेइतकाच सन्मान महत्त्वाचा ठरला. नातेवाइकांना अंतरावरून हजर राहता येऊ लागले, धर्मगुरूंना प्रार्थना म्हणता येऊ लागली. डिसेंबरच्या अखेरीस डिस्को हिल येथे दफनभूमी सुरू झाली आणि दहन थांबले. पुढच्या मार्चमध्ये जळालेल्यांची राखही तिथेच नेण्यात आली.

दफनपथकांचे पगार, मोटारी, प्रयोगशाळा यांचा बराच खर्च परदेशी मदतीतूनच झाला, हे विसरता येत नाही. ही मदत कामी आली, कारण ती स्थानिक माणसांच्या हातून खर्च झाली.

आधीच खणलेल्या विहिरी

याच साथीत एक वेगळी गोष्ट नायजेरियात घडली. २० जुलै २०१४ला लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. लागोस म्हणजे कोटीच्या वरची वस्ती. तिथे साथ पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही नकोशी वाटते. डॉ. अमेयो अडाडेवो यांनी या रुग्णाला रुग्णालयातून सोडण्यास ठाम नकार दिला. पुढे त्या स्वतः इबोलाने गेल्या.

नायजेरियात पोलिओ निर्मूलनासाठी २०१२पासून आणीबाणी नियंत्रण केंद्र चालत होते. त्यातली प्रशिक्षित माणसे आणि कामाची पद्धत रातोरात इबोलाकडे वळवण्यात आली. संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांचा माग काढून रोज घरोघरी चौकशी झाली. एकूण रुग्ण २०, मृत्यू ८. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. पोलिओसाठीचा पैसाही बव्हंशी बाहेरूनच आला होता. तो वर्षानुवर्षे येत राहिला आणि त्यातून माणसे तयार झाली, हा फरक.

सावरण्याचा हिशेब

साथ ओसरेपर्यंत तिन्ही देशांत मिळून २८ हजार ६००हून अधिक रुग्ण आणि ११ हजार ३००हून अधिक मृत्यू नोंदले गेले. लायबेरियाने आपले सुमारे ८ टक्के आणि सिएरा लिओनने सुमारे ७ टक्के डॉक्टर, परिचारिका व सुईणी गमावल्या. जुलै २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी न्यूयॉर्कमध्ये पुनरुभारणीसाठी परिषद भरवली. तिथे ३४० कोटी डॉलरची नवी आश्वासने मिळाली.

आलेल्या पैशाला गळतीही होती. सिएरा लिओनच्या लेखापरीक्षकांना २०१४च्या मे ते ऑक्टोबरमधील इबोला निधीपैकी जवळपास एक तृतीयांश खर्चाची नीट कागदपत्रे मिळाली नाहीत. ‘आफ्रिकी भ्रष्टाचार’ म्हणून ही बाब जगभर गाजली. २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस महासंघाने इबोलाच्या कामातले आपले काही दशलक्ष डॉलर अफरातफरीत गेल्याचे कबूल केले, त्याची चर्चा तेवढी झाली नाही.

टिकले काय? लायबेरियाने २०१६मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य सहायकांची योजना सुरू केली. दवाखान्यापासून पाच किलोमीटरपेक्षा दूरच्या वस्त्यांत त्याच वस्तीतली व्यक्ती निवडायची, तिला शिकवायचे आणि दरमहा मानधन द्यायचे. आपल्या ‘आशा’ताईंशी नाते सांगणारी ही योजना आहे.

याच काळात जागतिक बँकेने वेगळाच उपाय काढला. २०१७मध्ये ३२ कोटी डॉलरचे ‘महासाथ रोखे’ विकले गेले. साथ आली की गुंतवणूकदारांचा पैसा गरीब देशांना मिळायचा, नाही आली तर गुंतवणूकदारांना भरघोस व्याज. अटी मात्र अशा की, २०१८नंतर काँगोच्या पूर्व भागात इबोलाने दोन हजारांहून अधिक माणसे मेली तरी रोख्यांतून पैसा सुटला नाही. दुसऱ्या देशात किमान वीस मृत्यू व्हायला हवे होते. साथ सीमेआत रोखली गेली, म्हणून विमा मिळाला नाही! कोविडमध्ये अखेर अटी पूर्ण झाल्या, त्या एप्रिल २०२०मध्ये. सुमारे १९ कोटी ६० लाख डॉलर ६४ देशांत वाटले गेले.

पुण्याची लस आणि पुढे

कोविडमध्ये ही कथा मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. गरीब देशांना लस मिळावी म्हणून ‘कोव्हॅक्स’ योजना उभी राहिली. तिची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ला घानामध्ये उतरली. त्या सहा लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या होत्या. महिनाभरात भारतात दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आपल्याकडे प्राणवायूसाठी रांगा लागल्या असताना दुसरे काय होणार होते? ती निर्यात पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर लागला. २०२१ अखेर २०० कोटी मात्रांचे उद्दिष्ट होते, पण १००व्या कोटीचा टप्पाच जानेवारी २०२२मध्ये गाठला गेला. इतक्या देशांची भिस्त एका शहरातल्या एका कारखान्यावर ठेवावी लागली, हा दोष त्या शहराचा नव्हता. लस बनवण्याची क्षमता आफ्रिकेत उभी करण्यासाठी आधीच्या दशकांत पुरेसा पैसा घातला गेला नव्हता.

कर्जाचेही तसेच झाले. जी-२० देशांनी ४८ देशांच्या सुमारे १,२९० कोटी डॉलरच्या हप्त्यांना २०२१अखेरपर्यंत स्थगिती दिली. ते माफ झाले नव्हते, पुढे ढकलले गेले होते. खासगी सावकार तर जवळपास बाहेरच राहिले.

त्याच फेब्रुवारीत गिनीच्या त्याच जंगलभागात इबोला पुन्हा उगवला. या वेळी निदान देशातच झाले. पहिल्या साथीत गिनीतच चाचणी झालेली लस हाताशी होती आणि ती टोचण्याचे शिक्षण घेतलेले गिनीचे लोकही होते. घोषणेनंतर दहा दिवसांत लसीकरण सुरू झाले. चार महिन्यांत साथ संपली. रुग्ण २३, मृत्यू १२.

मेलिआंदूची साथ आणि ही साथ यांत सात वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात मागे जे राहिले, त्यानेच हा फरक पडला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, पुढे जुलैमध्ये ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद झाली. अमेरिकी मदतीवर सर्वाधिक विसंबून असलेल्या देशांत लायबेरियाचे नाव अग्रभागी होते. मदत गोठवल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी युगांडाने इबोलाची नवी साथ जाहीर केली. मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करारही संमत केला. त्यात शब्द चांगले आहेत. पुढच्या साथीत परिषदा भरतील आणि कोटींची आश्वासनेही दिली जातील. आपण मात्र विचारायचे ते एवढेच की, ही साथ नसताना त्या दूरच्या वस्तीतल्या आरोग्य सहायकाचे मानधन कोण देत होते, आणि ते दर महिन्याला पोहोचत होते का.