नोंदवहीचा कर्ता कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीवर मी भजी घेतली. पुडी सोडली तर कागद कोरा नव्हता. कुठल्याशा स्थानिक कचेरीत दाखल झालेल्या अर्जाची ती छायाप्रत होती. एका बाईंचं नाव, पत्ता, जात, घरातली माणसं, वर्षाचं उत्पन्न, आधार क्रमांक आणि तेलाच्या डागाखाली अंगठ्याचा ठसा. भजी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी त्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि अगदी सौजन्यानं सांगितलं, "रद्दीत गेला असेल, सर." मी विचारलं, "रद्दीत दिला कोणी?" ते म्हणाले, "तसं नाही सांगता येणार. दिला गेला असेल."

वाचकहो, शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी प्रयोग शिकले आहेत. ‘दिला गेला असेल’ या वाक्यात कर्ता कुठे सापडतो का पाहा. कचेरीच्या भाषेला अशी वाक्यं फार प्रिय. ‘नोंद घेण्यात आली’, ‘यादी पाठविण्यात आली’, ‘कागदपत्रे नष्ट करण्यात आली’. घेणारा कोण, पाठवणारा कोण, याचा वाक्याला पत्ताच नसतो. मी इतिहास शिकवतो. आमचं पुष्कळसं काम एवढंच असतं की, असा हरवलेला कर्ता शोधायचा आणि त्याला वाक्यात परत आणून बसवायचा. त्या तेलकट कागदानं मला अशाच एका शोधाची आठवण दिली. ती हकिगत आपल्याकडची नाही, हॉलंडमधली आहे. पण तिचा आरंभ आपल्याला परिचित असलेल्या जागीच होतो, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत.

इसवी सन १८५० पासून हॉलंडमध्ये प्रत्येक नगरपालिका आपल्या हद्दीतल्या रहिवाशांची नोंदवही ठेवीत असे. जन्म, लग्न, मृत्यू, राहण्याचं ठिकाण, धंदा आणि धर्म. यात वावगं काही कोणाला वाटलं नाही. कारभाराला ही माहिती लागतेच. पुढे १९३६ साली पद्धत सुधारली. वहीच्या जागी दर माणशी एक कार्ड आलं. माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी राहायला गेला, की त्याचं कार्ड त्याच्या मागोमाग नव्या नगरपालिकेत जाई. या सुधारणेमागे याकोब लेन्ट्स नावाचे अधिकारी होते. नगरपालिकांच्या नोंदणीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे ते प्रमुख. कामात अतिशय चोख. माणसाविषयी इतकी माहिती जमवावी की, खऱ्या माणसाशेजारी एक कागदी माणूस उभा करता यावा, अशी त्यांची कल्पना होती.

सरकारनं त्यांना एकाच गोष्टीत अडवलं. लेन्ट्स यांना प्रत्येक नागरिकासाठी ओळखपत्र हवं होतं. मार्च १९४० मध्ये डच सरकारनं ते नाकारलं. असं पत्र बाळगायला लावणं म्हणजे प्रत्येक नागरिकाकडे गुन्हेगार म्हणून पाहणं, आणि ते आपल्या परंपरेला शोभत नाही, असं सरकारचं मत पडलं. दोनच महिन्यांनी, १० मे १९४० रोजी, जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि आठवड्याच्या आत देश शरण गेला. लेन्ट्स खुर्चीवरच राहिले. त्यांनी आपल्या ओळखपत्राची योजना नव्या धन्यांपुढे ठेवली आणि ती मंजूर झाली. १९४१ पासून ओळखपत्रं वाटली जाऊ लागली. त्यांवर फोटो होता, बोटाचा ठसा होता, आणि नक्कल करणं जवळजवळ अशक्य व्हावं अशी छपाई होती. ज्यू माणसाच्या पत्रावर ‘ज्यू’ या शब्दाचं रोमन आद्याक्षर ठळकपणे उमटवलेलं असे.

त्याआधी, जानेवारी १९४१ मध्ये, एक हुकूम निघाला होता. प्रत्येक ज्यू रहिवाशानं नगरपालिकेत जाऊन आपली नोंद करावी. न केल्यास शिक्षा, आणि नोंदीची फी एक गिल्डर. लोक गेले. का गेले, हा प्रश्न आज विचारणं सोपं आहे. शिक्षेचं भय होतंच. पण कचेरी ओळखीची होती, हेही विसरू नये. जिथे बाळाचा जन्म नोंदवला, तीच खिडकी. पलीकडे बसलेला कारकून आपल्याच गावचा. रांगेत उभं राहून त्यांनी आपली माहिती दिली आणि वर पदरचा गिल्डरही भरला. त्या वर्षात सुमारे १,६०,००० नोंदी जमल्या. त्यांतल्या १,४०,००० च्या आसपास नाझी व्याख्येप्रमाणे ‘पूर्ण ज्यू’ होत्या.

मे १९४१ मध्ये ॲमस्टरडॅम नगरपालिकेच्या सांख्यिकी कचेरीनं शहराचा एक नकाशा तयार केला. नकाशा स्वच्छ आणि रेखीव आहे. त्यावर काळे ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. कुठल्या आळीत किती माणसं आहेत, हे एका नजरेत कळावं असा. जुलै १९४२ मध्ये माणसांना आगगाडीत भरून पूर्वेकडे पाठवायला सुरुवात झाली. ॲन फ्रँकचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या नावानं ५ जुलै १९४२ रोजी हजर राहण्याची नोटीस आली आणि दुसऱ्याच दिवशी ते कुटुंब लपायला गेलं. ते जिथे लपले, ते याच शहरात. हॉलंडमधून सुमारे १,०७,००० ज्यू माणसं छावण्यांकडे नेण्यात आली. परत आली ती पाच हजारांच्या आसपास. एवढ्या संहाराची कारणं इतिहासकार अनेक सांगतात. त्यांत नगरपालिकांच्या त्या बिनचूक कार्डांचं नाव हटकून येतं.

पाहा, मीसुद्धा आत्ताच ‘नेण्यात आली’ असं लिहून गेलो. सवय किती खोल असते! कर्ता शोधायचा तर कुठे शोधायचा? नकाशा काढणारा म्हणेल, मी ठिपके दिले. कारकून म्हणेल, मी कार्डावर नाव लिहिलं. लेन्ट्स म्हणतील, मी पद्धत बसवली. यांतल्या कोणी बंदूक उचलली नव्हती. पण नोंदवहीविना बंदुकीला घराचं दार सापडलं नसतं.

हे ज्यांना उमगलं, त्यांनी नोंदवहीवरच घाव घालायचं ठरवलं. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही जण पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले. त्यांत विलेम आरोंडेउस हे चित्रकार आणि लेखक होते, खेरित व्हान डेर व्हेन हे शिल्पकार होते. त्यांनी पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सुरक्षित नेऊन ठेवलं, कपाटांचे खण उपसले आणि आग लावली. आगीचे बंब सावकाश आले. आल्यावर जवानांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, तेही मुद्दाम. आगीतून वाचलेली कार्डं निदान भिजून खराब व्हावीत म्हणून. पण घट्ट रचलेला कागद सहजी जळत नाही. साऱ्या कार्डांपैकी जेमतेम सातवा हिस्सा नष्ट झाला. पुढे या कटातल्या बाराजणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालून मारलं. आरोंडेउस त्यांत होते. एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी हेग शहरातल्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीवर बाँब टाकले. तिथे सुमारे साठ माणसं मेली, आणि त्यांत बरेचसे डच कर्मचारीच होते. जी माहिती एका कारकुनानं दुपारच्या फुरसतीत लिहून ठेवली, ती पुसायला एवढे जीव द्यावे लागले.

दुसरीही बाजू सांगायला हवी. काही नगरपालिकांतल्या कारकुनांनी गुपचूप नोंदी बदलल्या, कार्डं गहाळ केली, खोट्या नावांना खरे शिक्के दिले. म्हणजे खुर्ची तीच, लेखणी तीच, आणि माणसाला निवड करता येत होती. युद्धानंतर लेन्ट्स यांच्यावर खटला झाला आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. शिक्षा पुरेशी की अपुरी, ते आपण ठरवा. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, एका वाक्यात तरी कर्ता परत आला. सामान्य डच माणूसही हे विसरला नाही. १९७१ साली तिथे जनगणना निघाली तेव्हा अनेकांनी माहिती द्यायला नकार दिला. दारोदार प्रश्न विचारणारी ती तिथली शेवटची जनगणना ठरली.

कोणी म्हणेल, ही तर युद्धाची गोष्ट झाली. शांततेच्या काळात कचेरीतला कागद बाहेर गेला तर असं काय बिघडतं? त्याचं उत्तर जपानमधल्या उजी शहरानं दिलं आहे. लहान मुलांच्या आरोग्यतपासणीसाठी संगणकव्यवस्था उभारायचं काम त्या नगरपालिकेनं कंत्राटदाराला दिलं. त्यानं ते पुढे दुसऱ्याकडे सोपवलं. शेवटी एका हंगामी नोकरानं दोन लाखांवर रहिवाशांची माहिती उतरवून घेतली आणि याद्यांच्या दलालाला विकली. हे १९९९ साली उघडकीस आलं. काही रहिवासी कोर्टात गेले. नगरपालिकेचं म्हणणं, तो माणूस आमचा नव्हे. कोर्टानं ते मानलं नाही. काम शहराचं, देखरेख शहराची, तेव्हा जबाबदारीही शहराची. प्रत्येक फिर्यादीला मनस्तापापोटी १०,००० येन आणि वकिलाच्या खर्चापोटी ५,००० येन मिळाले, आणि २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. रक्कम लहान आहे. तत्त्व मोठं आहे.

आपल्याकडेही हे भान अगदीच नव्हतं असं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती गुप्त ठेवली. ती कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. संगणकावरच्या माहितीचं काम कंत्राटदाराकडून करून घेतलं तरी मूळ संस्थेची जबाबदारी सुटत नाही, हे उजीचंच तत्त्व त्यात आहे. मात्र दंड वसूल झाला तर तो सरकारी तिजोरीत जमा व्हायचा. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातलं काही पडायचं नाही. शिवाय भज्याच्या पुडीचा कागद संगणकात नसतो. तो कचेरीतल्या कपाटात असतो आणि कपाट भरलं की रद्दीवाल्याकडे जातो.

घरपट्टी, दाखला, रेशनकार्ड, जन्माची नोंद, कशासाठीही आपण आपला कागदी माणूस कचेरीच्या स्वाधीन करतो. करावाच लागतो. पण ‘हे कशाला हवं? कुठे ठेवणार? नष्ट कधी करणार, आणि सही कोणाची असेल?’ एवढं विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

तो कागद मी फाडला नाही. पत्ता त्यावर होताच. एका रविवारी जाऊन तो त्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दार थोडं ओढून घेत विचारलं, "माझा कागद तुमच्याकडे आला कसा?"

"आला, रद्दीतून," मी म्हणालो, आणि माझं उत्तर माझ्याच कानाला खटकलं. त्याच आठवड्यात मी कचेरीला एका ओळीचा अर्ज दिला: ‘हा कागद रद्दीत कोणी दिला?’ महिन्यानं उत्तर आलं. ‘आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.’

मी दुसरा अर्ज केला आहे.